दुकान नीट लावलं त्याची गोष्ट

गुडघा मेहुण्यांचा, पण त्याचे भोग आले माझ्या वाट्याला. म्हणजे ऑपरेशन त्यांचंच झालं आणि उत्तम झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गुडघा बरा होईपर्यंत त्यांच्या रेकॉर्डच्या दुकानात बसणार कोण, हा विषय घरात निघाला तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं. नुकताच निवृत्त झालेला माणूस घरातल्या सगळ्यांच्या फार चटकन नजरेत भरतो.

हे मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. एकटे राहतात. मला 'जावईबापू' म्हणतात आणि त्यात आदर किती व चेष्टा किती हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. इस्पितळातल्या खाटेवरून त्यांनी मला दुकानाची किल्ली दिली.

"जावईबापू, फक्त बसायचं. काही करायचं नाही."

"बरं दादा."

"गिऱ्हाईक आपलं आपण बघतं. पैसे घ्या, संध्याकाळी पंखा बंद करा, घरी जा. काही म्हणजे काही करायचं नाही."

हे ते तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मात्र मला जरा लागलं. अहो, मी सबंध नोकरी एका मोठ्या कचेरीच्या दप्तरखान्यात काढली. साहेबाने कागद मागितला की पुढ्यातला चहा निवण्याच्या आत तो टेबलावर, अशी माझी ख्याती होती. मी गेल्यावर तिथे काय गोंधळ चाललाय ते विचारू नका. मी विचारलं होतं, पण कोणी सांगितलं नाही.

शिवाय प्रसंग नाजूक होता. दुकानाच्या वरच घरमालक राहतात. त्यांची एक जुनी मोटार आहे. ती कित्येक वर्षांत सुरू झालेली नाही, पण दुकानासमोर रस्त्यावर ताडपत्री पांघरून उभी असते आणि पक्षी तिचं जे करायचं ते करतात. दुकानाची दर्शनी भिंत पाडून त्या जागेत मोटार ठेवायची, हे मालकांचं स्वप्न. भाड्याचा करार महिनाअखेरीस संपणार होता आणि मेहुणेही तेव्हाच घरी यायचे होते. मालकांचं म्हणणं सरळ होतं. "चालतं दुकान मी मोडणार नाही. पण जिथे कोणी फिरकत नाही त्याला मी दुकान म्हणत नाही." असं म्हणून ते दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून दुकानाच्या दाराकडे बघत बसत.

पहिल्या दिवशी मी दुकानात नीट पाहिलं. भिंतीभर फळ्या, मधोमध टेबलं, टेबलांवर नि टेबलांखाली खोकी आणि खोक्यांत रेकॉर्ड. कशाला कशाचा पत्ता नाही. बासरीशेजारी बँड, बँडशेजारी अंगाईगीतं, अंगाईगीतांशेजारी कुठल्याशा बंदरावरच्या बोटींचे भोंगे. लोक येत, एक रेकॉर्ड काढत, उलटसुलट बघत आणि वाटेल तिथे खुपसून देत.

त्यात जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या ज्या रेकॉर्डच्या कव्हरवर एखादं जनावर असेल तीच आधी बाहेर काढत. त्यांनी मेंढीचं चित्र असलेली एक रेकॉर्ड इथून उचलली नि तिथे ठेवली.

"बाई, ही इथे नव्हती," मी म्हटलं.

"आता आहे," बाई म्हणाल्या. "दादांचा नियमच आहे. जिथे ठेवाल तिथे तिचं घर."

हा नियम ऐकून मला रात्री झोप लागली नाही. असा नियम आमच्या दप्तरखान्यात असता तर निम्म्या लोकांना पेन्शन मिळालं नसतं.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं बायको पुढे म्हणाली. पण मी रिकामा होतो म्हणून नव्हे, मेहुण्यांवरच्या मायेपोटी ठरवलं, की ते परत येतील तेव्हा दुकान अकारविल्हे लावलेलं दिसलं पाहिजे. बायकोला तसं सांगितलं.

"दादाने बसायला सांगितलंय," ती म्हणाली. "बसा."

आता घरात सल्ला एकच मिळाला, तरी आमच्या इमारतीत त्याची टंचाई नाही. तळमजल्यावरचे भूगोलाचे सर जिन्यात भेटले. ते म्हणाले, "अकारविल्हे? छे. देशवार लावा. उत्तरेकडून दक्षिणेकडे." वरच्या वहिनी म्हणाल्या की कव्हराच्या रंगाप्रमाणे लावा, त्या साड्या तशाच फिक्याकडून गडदाकडे लावतात आणि त्यांना कुठे निघायला एकदाही उशीर झालेला नाही. त्यांच्या यजमानांनी यावर काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी मी अकारविल्हेवर ठाम राहिलो. सरांनी आपली असहमती नोंदवून घ्यायला लावली आणि मदतीला मात्र आले.

खोक्यांत लाकडी आडव्या पट्ट्या बसवायच्या होत्या, भिंतीला खिळे ठोकायचे होते. परक्याच्या भिंतीला खिळा ठोकायचा तर परवानगी नको? दुसरा कोणी असता तर त्याने हातोडी उचलली असती. मी अर्ज लिहिला. तीन प्रतींत. हाताला सवय होती, मजकूर आपोआप उतरला. 'सदर दुकानातील माल अनेक वर्षांपासून अत्यंत अस्ताव्यस्त स्थितीत असून कोणती वस्तू कोठे आहे हे खुद्द चालकासही सांगता येत नाही. सबब पट्ट्या ठोकण्यास परवानगी मिळावी.'

मालकांनी अर्ज दोनदा वाचला आणि तिथल्या तिथे मंजूर केला. चहासुद्धा दिला. इतक्या झटपट मंजूर झालेला अर्ज मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

मग आम्ही कामाला लागलो. सर शिडीवर, मी खाली. गवय्याच्या नावाने लावायचं की वाद्याच्या, यावर एक सबंध सकाळ गेली. परदेशी नावांचा उच्चार सर छातीठोकपणे करत, पण दर वेळी वेगळा, त्यामुळे एकच पियानोवाला तीन अक्षरांखाली निघाला. मोटारींच्या इंजिनांचे नुसते आवाज असलेली एक रेकॉर्ड सापडली. ती सरांनी 'म'मध्ये टाकली आणि ही विकत घेणाऱ्याला बघायची माझी इच्छा आहे, असं म्हणाले. 'ण'चा कप्पा रिकामाच राहिला. पण प्रत्येक कप्प्यावर सुबक अक्षरात पाटी लागली, तेव्हा मी दाराशी उभं राहून दुकान डोळे भरून पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे खोटं नाही. थोडी धूळही होती.

मेहुण्यांचा रोज फोन येई. विक्री किती, हे ते कधी विचारत नसत. "आज कोणाला काय सापडलं?" एवढंच.

"सगळं सापडतं, दादा," मी म्हटलं. दुकान लावल्याचं गुपित ठेवायचं होतं. "मागितलेलं एकूण एक सापडतं."

"आणि न मागितलेलं?"

औषधांनी माणसाला गुंगी येते, म्हणून मी विषय वाढवला नाही.

दुकान लावल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं ते बसवाले. म्हणजे शहरातली बस चालवणारे. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ते रोज येत आणि खोक्यांवर वाकून उभे राहत. त्यांनी एका तुतारीवाल्याचं नाव घेतलं. मी उठलो, हात घातला आणि रेकॉर्ड त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी रेकॉर्डकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"एवढ्यात?"

"एवढ्यात," मी नम्रपणे म्हटलं.

"मग आता फेरी लागेपर्यंत मी काय करू?"

ते रेकॉर्ड घेऊन बाहेर गेले आणि थांब्यावरच्या बाकावर जाऊन बसले. मला वाटलं, माणूस भारावलाय.

डॉक्टरीणबाई आल्या. पाट्या बघत एक फेरी मारली.

"मला काहीतरी हवंय," त्या म्हणाल्या.

"नाव सांगा."

"नाव माहीत असतं तर घरी बसून मागवलं नसतं का? अजून ऐकलेलंच नाही हो मी ते. ऐकलेलं नाही त्याचं नाव कसं सांगू?"

मी पाट्यांवरून नजर फिरवली. अ पासून ज्ञ पर्यंत सगळं होतं, पण ज्याचं नावच ठाऊक नाही त्याला कप्पा नव्हता. मी त्यांना 'ण'कडे बघा म्हणालो. त्या निघून गेल्या.

असं करत करत दुकानात येणारा माणूस दोन मिनिटांत मोकळा होऊन जाऊ लागला आणि मग येईनासाच झाला. हवं ते मिळायला दुकान कशाला, खिशातला फोन होता की. दुकान इतकं नीटनेटकं होतं की त्यात मी एकटाच अडगळीसारखा दिसत होतो. गॅलरीतली खुर्ची मात्र कठड्याच्या आणखी जवळ सरकली.

आणि एके सकाळी मालक खाली आले. बरोबर गवंडी. गवंड्याने दाराची रुंदी मापली, मग बाहेर जाऊन ताडपत्रीखालून मोटारीची रुंदी मापली आणि समाधानाने मान हलवली.

"तुमच्या अर्जाने माझं काम सोपं झालं," मालक मला म्हणाले. आवाजात खरोखर कृतज्ञता होती. "वर्षानुवर्षं अस्ताव्यस्त, असं तुम्हीच लिहून दिलंत. आता नीट लावूनही कोणी येत नाही, हे मी रोज बघतोय. म्हणजे दोष लावण्यात नाही, दुकानातच आहे. महिनाअखेरीस दादांशी बोलून घेतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती रागावेल म्हणून तयारीत होतो. ती रागावली नाही. कपड्यांच्या घातलेल्या घड्या तिने मोडल्या आणि परत घालायला घेतल्या.

"दादाला गुडघा नवीन बसवून मिळाला हो," ती म्हणाली. "दुकान कुठून बसवून आणायचं?"

मला फार वाईट वाटलं. इतकं, की रात्री जेवताना सर दुसरा सल्ला घेऊन आले तेव्हा मी तो ऐकून घेतला.

सल्ला असा होता, की जसं होतं तसं परत करून टाकायचं. बोलायला सोपं. पसारा काय, आपोआप होतो, असं मीही आयुष्यभर समजत होतो. पण मुद्दाम करायला बसलो आणि तोंडचं पाणी पळालं. मी 'ग'मधली रेकॉर्ड काढून कुठेही ठेवायला जाई आणि हात परत 'ग'कडेच वळे. सरांनी मग पद्धत काढली, की प्रत्येक तिसरी रेकॉर्ड पुढच्या खोक्यात. त्यातून गोंधळ झाला नाही, नवीच शिस्त तयार झाली. शेवटी मी डोळे मिटून ठेवायला लागलो आणि शिडीला धडकलो. 'म'चं अख्खं खोकं सांडलं. ते आम्ही जसं हाताला आलं तसं दाराजवळच्या कोपऱ्यात भरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बसवाल्यांना मी थांब्यावरून अक्षरशः हाताला धरून आणलं. त्यांनी दोनचार खोकी चाळली.

"हे पत्ते पिसल्यासारखं झालंय," ते म्हणाले. "आधी काय असायचं, एकीशेजारी दुसरी ठेवली तर ती कोणीतरी ठेवलेली असायची. त्याला काहीतरी वाटलं असणार म्हणून. मी भोंग्यांपाशी कायम काहीतरी चांगलं मिळतं म्हणून बघायचो. आता इथे कोणी नाहीच."

"मग तुम्ही ठेवा," मी म्हटलं. मी हे रागाने म्हटलं होतं, विनंती म्हणून नव्हे. पण त्यांनी विनंतीच समजली.

रविवारी या, असं ठरलं. बसवाल्यांनी ते आपल्या पद्धतीने सगळ्यांना कळवलं. म्हणजे दुकानासमोरच्या थांब्यावर बस उभी करून ते दर फेरीला ओरडत, "रविवारी दुकान लावायचंय, ज्यांनी बिघडवलं होतं त्यांनी यावं." वरिष्ठांकडे तक्रार गेल्याचं नंतर कळलं.

रविवारी दारात माणसं मावेनात. प्रत्येकजण शपथेवर सांगत होता की अमुक रेकॉर्ड तमुकपाशीच होती आणि कोणाचंही कोणाशी जुळत नव्हतं. मेंढीवरून तर डॉक्टरीणबाई आणि बसवाले यांची जुंपलीच.

"मेंढी बँडशेजारी होती. मी ठेवली होती," बाई म्हणाल्या.

"बाई, भोंग्यांशेजारी होती. मी रोज बघायचो."

"बँडमागून मेंढ्या चालतायत असं वाटतं ती ऐकताना."

"मला समुद्र वाटतो."

"तुम्ही ऐकलीये तरी का?"

"वाजवा मग," बसवाले म्हणाले.

तोवर मी ती एकदाही वाजवली नव्हती, फक्त तिची जागा ठरवली होती. मी सुई टेकवली आणि चहा घेऊन खुर्चीत बसलो. एका मेंढपाळाचा पावा होता. फुंकण्याआधी त्या माणसाने घेतलेला श्वास ऐकू येत होता. मागे लांबवर कुठेतरी एक घंटा वाजत होती, ती बहुधा चुकून आत आली असावी. त्याची भाषा, त्याचा देश, काही मला माहीत नव्हतं. सरांनाही नव्हतं, तरी त्यांनी दोन देश सांगितले. बाजू संपली तेव्हा माझा चहा पार निवला होता. मी तो तसाच प्यायलो आणि रेकॉर्ड उलटून लावली.

वाद काही मिटला नाही. उलट आता प्रत्येक वादाला वाजवून बघा, हाच पुरावा झाला. एक ऐकायला काढावी तर तिच्यामागची कोणीतरी बघे, ती वाजवा म्हणे. जो तो काखेत दोन-तीन रेकॉर्ड धरून दुसऱ्याच्या काखेत डोकावत होता. वहिनी फिक्याकडून गडदाकडे लावायला आल्या होत्या, त्या एका निळ्या कव्हरपाशी अडकल्या त्या अडकल्याच.

एवढ्यात मालक खाली आले. आवाज सहन न होऊन, घरातल्या सपातांवर.

"हे काय चाललंय?" असं ते म्हणाले असावेत. ऐकू आलं नाही. गर्दीने त्यांना आत ढकललं आणि दाराजवळच्या कोपऱ्यातल्या खोक्यापाशी नेऊन उभं केलं. तिथे उभं राहायचं तर वाकूनच राहावं लागतं आणि वाकलेल्या माणसाची बोटं खोक्यात जातातच. मी लांबून बघत होतो. त्यांनी एक चाळली, दुसरी चाळली आणि मग हात थांबला.

"ही वाजवता येते का?" त्यांनी विचारलं.

मोटारींच्या इंजिनांची रेकॉर्ड होती. कव्हरवर थेट त्यांच्याच मोटारीचं चित्र होतं, फक्त चित्रातली धुतलेली होती. मी ती लावली. इंजिन दोनदा खोकलं, गुरगुरलं, बंद पडलं. मग तिसऱ्यांदा ते सुरू झालं आणि धडधडत राहिलं.

"असाच," मालक म्हणाले. "अगदी असाच आवाज होता तिचा."

"आता गियर टाकला," बसवाले हळूच म्हणाले.

"दुसऱ्याचा तिसरा," मालक म्हणाले. त्यांचा डावा पाय सपातेत जरासा दाबला गेला. असली रेकॉर्ड जगात असते हे त्यांना माहीत नव्हतं. मग ती मागणार कशी आणि कोणाकडे?

त्यांच्या घरी रेकॉर्ड वाजवायला काही नव्हतं. म्हणून सोमवारपासून ते रोज सकाळी खाली येऊन इंजिन ऐकू लागले. गवंड्याला त्यांनी गॅलरीचा कठडा दुरुस्त करायला लावलं. भिंतीचं काय, असं मी भीत भीत विचारलं, तेव्हा म्हणाले, "गाडीला बाहेरचीच हवा मानवते." भाड्याचा नवा करार झाला. माझा अर्ज त्यांनी परत केला. समासात शेरा होता, 'पूर्ववत अस्ताव्यस्त ठेवावे.' असा नेमका शेरा मला कुठल्या साहेबानेही दिला नव्हता.

मेहुणे आले ते काठी टेकत. मी पाट्या उपटल्या होत्या, पण पट्ट्या तशाच होत्या, त्यामुळे लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सगळी खोकी चाळली. बायको दाराशी उभी होती, तिने माझ्या शर्टाची बाही धरली होती.

"हे माझं दुकान नाही," मेहुणे म्हणाले.

मी खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

"पण दुकान आहे," ते म्हणाले आणि पुढच्या खोक्याकडे वळले. तिथे त्यांचा हात अडला. "मेंढी इथे कोणी ठेवली? वल्ही मारणाऱ्यांच्या गाण्यांपाशी?"

"मी," मी म्हटलं. "दोन्हींत श्वास ऐकू येतो. म्हणून."

त्यांनी मेंढी होती तिथेच परत सरकवली. "राहू दे, जावईबापू," ते म्हणाले. या वेळी त्यात चेष्टा नव्हती, एवढं मला कळलं.

त्यांनी त्यांचा जुना रेकॉर्डप्लेअर आमच्या घरी पाठवून दिला. पाट्या बायकोने डब्यांना चिकटवल्या. साखर 'श'मध्ये आहे आणि त्याबद्दल मी काही बोलत नाही. पुढच्या शनिवारी मेंढी विकतच घ्यावी म्हणून मी दुकानात गेलो, तर ती जागेवर नाही. मी ठेवलेल्या जागेवरून कोणीतरी परस्पर हलवली होती. मला संताप आला. मी एकेक खोकं पालथं घातलं, बसवाल्यांची एक फेरी येऊन गेली, दुसरी येऊन गेली, मेहुणे शेवटी पंखा बंद करायला उठले.

घरी आलो तेव्हा माझ्या काखेत तीन रेकॉर्ड होत्या. तिन्हींतल्या एकीचंही नाव मला वाचता येत नव्हतं.

"मिळाली का तुमची मेंढी?" बायकोने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "परत जावं लागणार."

"मीही येते," ती म्हणाली आणि त्यातली वरची रेकॉर्ड काढून लावलीसुद्धा.